स्नायूंचा थकवा व तापमान

काम करता करता स्नायूचा जोर किंवा वेग घटत जाणे म्हणजे स्नायूंचा थकवा. तो किती लवकर येतो, हे कामाच्या भाराइतकेच तापमानावर ठरते. मात्र स्नायूचे तापमान आणि सबंध शरीराचे तापमान या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

खर्च झालेल्या ऊर्जेपैकी स्नायू जेमतेम पाव भाग कामी लावतो, बाकीची उष्णता होते. ही ऊब आधी उपयोगीच पडते. स्नायू एका अंशाने गार झाला, की उडीसारख्या झटक्याच्या कामातली ताकद ४ ते ६ टक्क्यांनी कमी भरते. पैलवान जोर-बैठकांनी अंग गरम करूनच कुस्तीला उतरतो, तो यासाठी. पण पकड धरून ठेवायची तर गरम स्नायू लवकर दमतो, कारण त्याचा इंधनखर्च वाढलेला असतो. क्लार्क, हेलन व लिंड यांच्या १९५८ च्या प्रयोगात हात पाण्यात बुडवून मूठ आवळून धरायची होती. ती सर्वांत जास्त वेळ टिकली १८° से. च्या पाण्यात. त्याहून गार पाण्यात वेळ पुन्हा घटला.

सगळे अंग तापले, की गणित बदलते. काच कारखान्याचेच उदाहरण घ्या. काच फुंकणाऱ्याचे काम भट्टीच्या तोंडाशी. नळीच्या टोकावरचा लालभडक गोळा हजारेक अंशांचा. तो सारखा फिरवत राहावा लागतो, हात थांबला की काच ओघळते. अशा वेळी मनगटे भरून येतात ती नुसत्या नळीच्या वजनाने नव्हे. रक्ताला स्नायूंकडे प्राणवायू न्यायचा असतो आणि कातडीकडे उष्णताही. घामावाटे पाणी गेले, की रक्त दोन्हीकडे कमी पडते. आतले तापमान ४०° च्या आसपास पोचले, की मेंदूच स्नायूंना पुरती चेतना देईनासा होतो. अंगात बळ शिल्लक असूनही माणूस थांबतो. याला कामचुकारपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

गॅलोवे व मॉन यांच्या १९९७ च्या अभ्यासात सायकलस्वार ११° ला सरासरी ९३ मिनिटे टिकले, ३१° ला ५१. हवा दमट असली तर घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. उघडीप पडल्यावर मावळातल्या भातखाचरांत लावणी करणाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नाही.

उष्णतेत काम करणाऱ्याचा तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तो साधा थकवा समजू नये. काम थांबवून सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.