वेगाचा लगाम

मोटारींच्या शर्यतींत जय मिळतो तो इंजिनाच्या बळावर, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंतील 'ड्रॅग' शर्यतींचा इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. सरळ वाट, पाव मैल म्हणजे १,३२० फूट अंतर, आणि उभ्या गाडीनें एकदम घेतलेली झेंप, हें या शर्यतीचें मूळ स्वरूप. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुण ही चढाओढ रहदारीच्या रस्त्यांवरच करीत व अपघात ओढवून घेत. पुढें १९५० सालीं सी. जे. हार्ट प्रभृतींनीं सांता आना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर तिला जागा करून दिली. १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून तिला नियम दिले.

परंतु इंजिनें जसजशीं बलवान होत गेलीं, तसतशी एक अडचण तीव्र झाली. इंजिनाचें बळ जमिनीस पोंचवितो तो मागचा टायर. तो घसरला कीं सारें बळ धुरांत जातें, आणि गाडी वांकडी झाली तर चालकाच्या जिवावर बेततें. येथें शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्काशोषक, उपयोगी पडतो.

हें साधन ड्रॅग शर्यतींहून जुनें आहे. फ्रान्समधील त्रुफो याचा, व विसाव्या शतकाच्या आरंभीं हार्टफर्ड यानें अमेरिकेंत आणलेला धक्काशोषक घर्षणावर चाले. मधला नट आवळला कीं तो कडक होई. पुढें घर्षणाची जागा तेलानें घेतली. नळकांड्यांतील दट्ट्या तेल बारीक छिद्रांतून लोटतो, आणि स्प्रिंगची उसळी त्या विरोधांत जिरते.

ड्रॅग गाडीच्या मागील धक्काशोषकास पुष्कळदां दोन खुंट्या असतात. एक ताणाची, दुसरी दाबाची. अनेक गाड्यांत सुटतांना सांगाडा वर उचलला जातो व आंस खालीं रेटला जातो. ताण फार सैल असेल तर टायर जमिनीवर एकदम चेपला जातो व लागलीच उसळून पकड सोडतो. फार कडक असेल तर त्यावर हवा तेवढा भारच पडत नाहीं. सांगाडा परत खालीं बसतो तेव्हां त्यास आवरणें हें दाबाच्या खुंटीचें काम. म्हणून जाणता कारागीर एका वेळीं एकच खुंटी एखाददुसरी खांच फिरवितो, आणि पहिल्या ६० फुटांस लागलेला वेळ टिपून मगच पुढचा फेरफार करितो.

सर्वांत वेगवान अशा लांबट ड्रॅगस्टरांत मागें स्प्रिंगच नसतात. तेथें टायरच्या लवचीकपणावरच भिस्त असते. इतर गाड्यांत मात्र ही खुंटी महत्त्वाची. नियमांनीं तरुणांची धांव रस्त्यावरून पट्टीवर आणली. पट्टीवर तिला जमिनीशीं बांधून ठेवतें तें तेलाचें हें लहानसें नळकांडें.