पाणी कुठलं?

मावसभावाला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि घरात फ्लॅटचा विषय निघाला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, शाळा दहा मिनिटांवर. आजीने फोटोंकडे बघितलंही नाही. तिने एवढंच विचारलं, "पाणी कुठलं रे? नदीचं, कालव्याचं का बोअरचं?"

आम्ही हसलो. पण बारामती-इंदापूरचा इतिहास वाचत गेलो तसा हा प्रश्न डोक्यातून जाईना.

जुनी बारामती कऱ्हेच्या काठी वसली. पेशव्यांचे सावकार बाबूजी नाईक यांचा वाडा नदीलगत, आणि त्यांच्याच आश्रयाने पंडित कवी मोरोपंत इथे राहिले, १७९४ मध्ये वारले ते इथेच. त्या काळी चांगली वस्ती म्हणजे नदी, देऊळ आणि वाडा जवळ असलेली. पण कऱ्हा ही वर्षातले कितीतरी महिने वाळूच दाखवणारी नदी. पाऊस हुकला की काठावरचा माणूसही तहानलेला. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनच्या या पट्ट्याचं जे झालं, त्यानंतर इंग्रज सरकारने भाटघरला धरण बांधलं आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला.

खरी उलथापालथ इथून. जिथे बाजरीच कशीबशी यायची, तिथे ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याकाठी आले, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळं चालवली (पुढे यांच्यातल्याच मंडळींनी अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला). १९१४ मध्ये दौंडहून नॅरोगेज रेल्वे आली. आता 'चांगली जागा' नदीकडून कालव्याकडे आणि स्टेशनाकडे सरकली.

मात्र कालव्याने दिलं तसं नेलंही. बारमाही पाणी मुरत राहिलं, खालच्या अंगाच्या जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सरकारी अभियंत्यांना चर खणून ते पाणी काढायच्या मागे लागावं लागलं. म्हणजे कालवा जवळ आहे एवढं ऐकून भागत नाही. आपण त्याच्या वरच्या अंगाला आहोत का खालच्या, हेही विचारावं लागतं. जाहिरातीत हे कोण लिहिणार!

इंदापूर तालुक्यात आणखी एक प्रयोग झाला. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबला साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. माळरानावर उभं राहिलेलं कारखान्याचं गाव. अशा वसाहतीत राहणं सोयीचं, पण नोकरी आणि घर एकाच दोरीला बांधलेलं.

आणि मग उजनी. १९८० मध्ये भीमेवरचं हे धरण पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. काळी कसदार जमीन, बारमाही विहिरी, जुनी देवळं. कोणत्याही कसोटीवर उत्तम ठरलेली हीच गावं होती. पळसदेव उठून पुणे-सोलापूर महामार्गाकडेला आलं. कडक उन्हाळ्यात जलाशय आटला की जुन्या पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि लोक गाड्या काढून सेल्फी घ्यायला जातात. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातो तो जलाशयही हाच.

आजीचं माहेर या पाण्याखाली आहे. हे मला माहीत होतं, पण तिच्या प्रश्नाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. तिच्या वडिलांनी जागा चुकीची निवडली नव्हती. निर्णय दुसरीकडे झाला.

भावाला मी एवढंच म्हटलं, की सप्टेंबर २०१९ चं विचारून घे. पुरंदरात प्रचंड पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सुटलं आणि वर्षभर कोरडी दिसणारी कऱ्हा बारामतीत घरांत शिरली. रातोरात लोकांना हलवावं लागलं. बिल्डरच्या माणसाने "इकडे काही नाही आलं" असं सांगितलं. मग आम्ही कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं. त्याने पोतं बाजूला सरकवलं आणि भिंतीवर गुडघ्याच्या वर हात ठेवला. "इथपर्यंत," तो म्हणाला.

भाऊ आता वरच्या अंगाला घर बघतोय. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं. पण पाणी कुठलं?"