पंतोजींच्या शाळेंतील वरचीं मुलें आणि आमचीं दप्तरें

(१) जुन्या घरच्या माळ्यावरील रुमाल सोडणाऱ्या संशोधकास दोन प्रकारचे कागद हटकून आढळतात. सनदा, पत्रें, महजर, निवाडे, हिशेब हा पहिला प्रकार. हे कागद तो जपून बाजूस काढतो. पाढ्यांचीं बाडें, गिरविलेले कित्ते, एकच मायना पांच-सात वेळां उतरलेले बंद हा दुसरा प्रकार. ही पोरांची रद्दी, असें म्हणून तो हे कागद पुन्हां माळ्यावर टाकतो, आणि पुढील पावसाळ्यांत वाळवी त्यांचा निकाल लावते. आमच्या मतें येथें मोठी चूक होते. पहिल्या प्रकारचे कागद ज्या हातांनीं लिहिले, ते हात दुसऱ्या प्रकारच्या कागदांवर तयार झाले. शाळेंतील वरच्या मुलांचा अभ्यास नीट कळल्यावांचून दप्तरांतील अक्षर, अंक व मायना यांची पारख पुरी होत नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

(२) येथें शाळा म्हणजे पंतोजींची गांवठी शाळा समजावी. संस्कृत पाठशाळा निराळी. इ. स. १८२१ मध्यें पुण्यास विश्रामबागवाड्यांत सरकारनें जी पाठशाळा काढली तिच्यांत वेद, व्याकरण, न्याय इत्यादि विषय चालत. तेथें हिशेबाचें व मोडीचें काम नव्हतें. पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओटीवर, देवळाच्या ओवरींत किंवा धर्मशाळेंत भरे. पंतोजीस प्रत्येक मुलामागें थोडे पैसे, सणावारीं शिधा व दसऱ्यास पाटीपूजनाची दक्षिणा मिळे. तेथें पंडित होत नसत; कारकून, कुळकर्णी व दुकानदार होत. या ओटीवर मुलींस व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस जागा नव्हती, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे. फुले दंपतीनें इ. स. १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढली, तिचें महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिल्यास अधिक ध्यानांत येतें.

या शाळांविषयीं साधनांची वाण नाहीं. एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची जी चौकशी झाली तिचे कागद परुळेकर यांनीं इ. स. १९४५ मध्यें प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंग यांचें आत्मचरित्र प्रियोळकर यांनीं इ. स. १९४७ मध्यें संपादून छापलें. मोल्सवर्थच्या इ. स. १८३१ च्या कोशांत तर शाळेच्या परिभाषेचे अनेक शब्द अर्थासह नोंदलेले आहेत.

(३) खालचीं मुलें धूळपाटीवर ओनामा, मुळाक्षरें व बाराखडी गिरवीत. अंकांची उजळणी झाली व पाढे तोंडांत बसले म्हणजे मूल वरच्यांत गणलें जाई. इयत्तेचा हिशेब वर्षांवर नव्हता. ज्याचें जितकें पाठ तितका तो वर. वरच्या मुलांस स्वतःच्या अभ्यासाखेरीज दुसरेंही काम असे. खालच्यांचे हात धरून अक्षरें गिरवून घेणें व सायंकाळीं परवचा सांगणें हें त्यांच्याकडे असे. एकानें पाढा सांगावा व सर्वांनीं एका सुरांत मागून म्हणावा, अशी ही परवच्याची रीत होती. वरच्यानें खालच्यास शिकविण्याची ही रीत एका प्रांतापुरती नव्हती. मद्रासेंत अँड्र्यू बेल यानें अशीच रीत आपल्या अनाथ मुलांच्या शाळेंत चालविली व इ. स. १७९७ मध्यें विलायतेंत पुस्तक छापून तिचा प्रसार केला. पुढें तीच सुधारलेली पद्धति म्हणून इकडे परत आली, ही मौज आहे.

(४) वरच्या मुलांच्या अभ्यासाचा एक पाय गणित होता. पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे चालत. या नांवांत भाषेचा जुना इतिहास सांठविलेला आहे. सपाद म्हणजे पावासह, त्याचा सवा झाला. पादोन म्हणजे पावानें उणा, त्याचा पाऊण झाला. अर्धतृतीय म्हणजे ज्यांतील तिसरा अर्धाच आहे असे अडीच. त्याचें प्राकृत अड्ढाइज्ज. त्याच न्यायानें अर्धचतुर्थ म्हणजे ज्यांतील चौथा अर्धा आहे असे साडेतीन. त्याचें प्राकृत अद्धुट्ठ व मराठी औट. संतवाङ्मयांत देहास औट हात म्हणतात तो हाच शब्द होय. संस्कृताचें नांवही न घेणारा वाण्याचा मुलगा रोज सायंकाळीं हे शब्द घोकीत असे.

हे पाढे केवळ स्मरणशक्तीच्या कसरतीसाठीं नव्हते. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर हें कोष्टक घेतलें म्हणजे जितके रुपये मण तितक्या आण्यांस अडीच शेर, हा बाजारचा नियम निघतो. रुपया मण भावाचा जिन्नस सात आण्यांस किती, असें विचारतांच मुलगा अडीचकींतील सातवी पायरी म्हणून साडेसतरा शेर सांगे. त्यास पाटी लागत नसे. जमिनीच्या मापांतही वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा चाहूर अशी कोष्टकें होतीं. त्यावर व्याज, कीर्द, खतावणी व तेरीज यांची बांधणी होई. अपूर्णांक लिहिण्याची रीतही येथेंच हातांत बसे: पावांसाठीं उभ्या रेघा, आण्यांसाठीं आडव्या. दप्तरांतील जमाखर्च वाचतांना या उभ्या-आडव्या रेघांकडे दुर्लक्ष झाल्यास तीन पावल्या व तीन आणे यांची अदलाबदल होते. बेरीज न जुळण्याचें कारण पुष्कळदां मूळ लेखकांत नसून वाचकांत असतें.

(५) दुसरा पाय लेखन. येथें बाळबोधीपेक्षां मोडीस मान अधिक. मुलगा बोरू स्वतः तासून घेई. काजळ व डिंक खलून शाई करी. प्रथम कागदावर डावीकडून उजवीकडे सबंध ओळ ओढावयाची व मग तिला अक्षरें टांगीत जावयाचीं, ही मोडीची रीत. शब्द तोडावयाचे नाहींत व बोरू होतां होईल तों उचलावयाचा नाहीं, ही तिची शिस्त. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडी ठेवीत नाहीं. वेलांटी एकच व उकारही एकच. म्हणून मोडी पत्रांतील ऱ्हस्वदीर्घावरून लेखकाच्या विद्वत्तेचा अंदाज बांधणें व्यर्थ होय. चिटणिशी, बिवलकरी, रानडी इत्यादि वळणें नांवाजलेलीं आहेत. मुलगा समोरच्या कित्त्याबरहुकूम गिरवी, आणि लहानपणीं बसलेलें वळण जन्मभर टिकतें. यावरून एक सावधगिरी निघते. साठ वर्षांचा कारकून आपल्या बाळपणाच्या वळणानेंच लिहीत असतो. तेव्हां केवळ अक्षरावरून कागदाचा काळ ठरविणाऱ्यानें तीस-चाळीस वर्षांची सूट ठेवावी.

(६) आतां मुख्य मुद्याकडे वळूं. वळण बसलें म्हणजे वरच्या मुलांस पत्रांचे मायने शिकवीत. वडिलांस तीर्थरूप, शास्त्र्यांस वेदशास्त्रसंपन्न, बरोबरीच्या गृहस्थास राजमान्य राजश्री, थोरांस अखंडित लक्ष्मी अलंकृत, धाकट्यांस चिरंजीव. त्याप्रमाणें पुढें नमस्कार कीं आशीर्वाद, विनंति कीं आज्ञा, हें सर्व ठरलेलें. कारकुनीकडे जाणाऱ्यास सुहूर सन व चंद्र यांची ओळख लागे. उदाहरणार्थ, अर्बा सबैन मया व अलफ म्हणजे ११७४. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. अर्थात् हें वर्ष १७७३-७४ होय. दप्तराची रीत सांगणारीं मेस्तकें हेमाडपंताच्या नांवावर चालत. त्यांच्या नकला अशा मुलांच्या घरीं सांपडतात यांत नवल नाहीं.

शेजारच्या बल्लारी जिल्ह्याचा कलेक्टर कँपबेल यानें इ. स. १८२३ मध्यें तेथील शाळांची जी हकीकत लिहिली तींत आमच्या प्रश्नावर प्रकाश पाडणारी एक गोष्ट आहे. निरनिराळ्या हातांचें अक्षर वाचतां यावें म्हणून तेथील गुरुजी ठिकठिकाणांहून खासगी व सरकारी खरीं पत्रें मिळवीत व मुलांकडून वाचवून घेत. साधीं पत्रें व करारमदार लिहिण्याचाही सराव चाले. बल्लारीची भाषा आमची नव्हे. परंतु मायन्यांवर व हिशेबावर उभ्या असलेल्या आमच्या शाळेंतही हीच गरज होती. याचा अर्थ असा कीं शाळेच्या रुमालांत अस्सल पत्र सांपडूं शकतें, अस्सलावरून मुलानें केलेली नक्कल सांपडूं शकते, आणि केवळ सरावासाठीं रचलेलें, कोणासही न पाठविलेलें पत्रही सांपडूं शकतें.

(७) या तिहींतील भेद न ओळखल्यामुळें आम्ही स्वतः एकदां फसलों आहों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका घरच्या रुमालांत एका सरदारास लिहिलेलें पत्र आम्हांस मिळालें. मायना निर्दोष, अक्षर घोटीव, मजकूर फौजेच्या खर्चाचा. आम्हीं त्याची बाळबोध नक्कल केली, टिपणही लिहिलें, आणि तें प्रसिद्धीस पाठविण्याच्या बेतांत होतों. सुदैवानें कागद उजेडापुढें धरला तेव्हां पाठीवर पाऊणकी दिसली. मग रुमाल पुन्हां सोडला. त्याच मायन्याचे आणखी तीन बंद निघाले. पहिल्याचें अक्षर कच्चें, पुढच्यांचें उत्तरोत्तर सुधारलेलें. चंद्रापुढें तारीख घातलेली नव्हती. जें पत्र आम्ही इतिहासाचें साधन समजत होतों तें एका मुलाच्या चार दिवसांच्या श्रमाचें फळ होतें. सरदार गेला, परंतु मुलगा हातीं लागला. आणि आज आम्हांस त्या चार बंदांचें मोल अधिक वाटतें. अक्षर कसें घडत जातें हें दाखविणारें असें दुसरें साधन आमच्या संग्रहीं नाहीं.

या अनुभवावरून कांहीं खुणा सुचवितों. पत्रास तारीख, शिक्का किंवा घडीच्या खुणा आहेत कीं नाहींत हें पाहावें. नांवाच्या जागीं अमुक असें पद आहे काय हें पाहावें. पाठ अवश्य तपासावी. सोबतच्या कागदांत तोच मजकूर पुन्हां येतो काय हें पाहावें. सर्वांत मुख्य म्हणजे रुमालांतील कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. निवडक कागद काढून बाकीचे टाकले कीं त्याबरोबर पुरावाही जातो.

(८) ही शाळा एकाएकीं गेली नाहीं. इ. स. १८२२ मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या मंडळीनें छापील पुस्तकें काढलीं, इ. स. १८५५ मध्यें शिक्षणखातें निघालें, इयत्ता व परीक्षा आल्या. तरी मोडी व तोंडी हिशेब सरकारी मराठी शाळेच्या वरच्या इयत्तांत पुढेंही पुष्कळ वर्षें टिकून होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोडी शाळेंतून गेली. ता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, मागोमाग शेर व मणही गेले, आणि अडीचकी-औटकी यांचें बाजारांतील प्रयोजन संपलें. याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. दशमान पद्धति सोपी आहे व पंतोजींची छडी कोणास परत नको आहे. मात्र त्या शाळेनें जीं लाखों पानें लिहिणारीं माणसें तयार केलीं, तीं पानें वाचण्याचें ओझें आतां आमच्यावर आहे, आणि त्यांची किल्ली त्या रद्दींत आहे.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, यापुढें रुमाल सोडतांना पोरांचे कागदही उचलावे, त्यांवर गांव व घराणें यांची नोंद करावी, आणि मुख्य दप्तराशेजारींच ठेवावे. जागा फार लागत नाहीं. कोणाच्या संग्रहीं अशीं बाडें असल्यास त्यांची यादी याच त्रैमासिकांत यावी. म्हणजे अनेकांच्या पदरचे थोडथोडे कागद एकत्र पाहतां येतील. अलं विस्तरेण.