प्रवण-अवरोहण पद्धती

अनेक चलांवर अवलंबून असणाऱ्या फलनाचे किमान मूल्य टप्प्याटप्प्याने शोधण्याची संख्यात्मक पद्धती. संगणकक्षेत्रात ती ‘ग्रेडियंट डिसेंट’ या नावाने ओळखली जाते. फलनाचे प्रत्येक चलानुसार आंशिक अवकलज काढले की त्यांचा मिळून एक सदिश तयार होतो. त्याला त्या फलनाचा प्रवण म्हणतात. प्रवणाच्या दिशेने फलनाचे मूल्य सर्वांत वेगाने वाढते, म्हणून त्याच्या नेमक्या उलट दिशेने थोडे सरकून तेथे पुन्हा प्रवण काढायचा आणि मूल्यातील घट नगण्य होईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा, एवढीच या पद्धतीची रीत आहे. प्रत्येक वेळी प्रवणाला ज्या धन संख्येने गुणून सरकायचे, तिला पायरीचा आकार किंवा ‘लर्निंग रेट’ म्हणतात.

पायरीची निवड किती निर्णायक असते, हे (x − ३)² या साध्या फलनावरून दिसते. त्याचा अवकलज २(x − ३) असून किमान मूल्य x = ३ येथे आहे. सुरुवात शून्यापासून करून पायरी ०·१ ठेवल्यास x ची मूल्ये क्रमाने ०·६, १·०८, १·४६४ अशी येतात; प्रत्येक टप्प्यास उरलेले अंतर आधीच्या ०·८ पट होते आणि उत्तराकडे अभिसरण होते. पायरी १ घेतल्यास x हे ० आणि ६ यांच्यातच हेलकावत राहते, तर १·१ घेतल्यास मूल्ये ६·६, −१·३२, ८·१८४ अशी उत्तरापासून अधिकाधिक दूर जातात.

फ्रेंच गणितज्ञ ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८४७ मध्ये समकालिक समीकरणे सोडवण्यासाठी ही कल्पना मांडली. ग्रहगणितातील दीर्घ आकडेमोड हे त्यामागील निमित्त होते. पुढे तिची मुख्य उणीव स्पष्ट झाली. x² + १००y² यासारख्या, एका दिशेने उभा आणि दुसऱ्या दिशेने सपाट उतार असलेल्या फलनावर पायरी उभ्या दिशेला झेपेल इतकी लहान ठेवावी लागते, त्यामुळे सपाट दिशेने प्रगती रखडते व मार्ग नागमोडी होतो. आधीच्या टप्प्यातील गतीचा काही अंश पुढे नेण्याचा बोरिस पोल्याक यांचा उपाय (१९६४) आणि युरी नेस्तेरोव्ह यांची त्वरित पद्धती (१९८३) यांनी ही अडचण बरीच कमी केली.

यंत्र-शिक्षणात फलन म्हणजे प्रारूपाच्या उत्तरांतील एकूण चूक आणि चल म्हणजे प्रारूपाचे प्राचल. लाखो नमुन्यांवरील चुकीचा प्रवण दर टप्प्यास काढणे परवडत नाही, म्हणून यादृच्छिकपणे निवडलेल्या थोड्या नमुन्यांवरून त्याचा अंदाज घेतात. असे अंदाज सदोष असले तरी पायरी योग्य रीतीने लहान करत नेल्यास उत्तर गाठता येते, या विचाराचा सैद्धांतिक पाया हर्बर्ट रॉबिन्स व सटन मनरो यांनी १९५१ मध्ये घातला. बहुस्तरीय चेता-जालांत प्रवण शेवटच्या स्तराकडून मागे मोजत आणण्याची रीत डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे रूढ झाली. प्रत्येक प्राचलासाठी पायरी आपोआप जुळवून घेणारी ‘ॲडम’ ही रीत २०१४ मध्ये पुढे आली.

फलन बहिर्वक्र असेल आणि पायरी योग्य असेल, तर ही पद्धती खऱ्या किमान मूल्याकडेच जाते. एरवी ती स्थानिक किमान मूल्यापाशी थांबू शकते किंवा प्रवण शून्य असलेल्या खोगीर-बिंदूजवळ रेंगाळते. न्यूटनची पद्धती उत्तराजवळ पुष्कळ कमी टप्प्यांत पोहोचते, परंतु तिला द्वितीय अवकलजांचा आव्यूह लागतो आणि दहा लाख प्राचलांसाठी त्या आव्यूहात एक लाख कोटी घटक असतात. प्रवणात मात्र दहा लाखच घटक असतात आणि मागून मोजण्याच्या रीतीने तो फलनाचे मूल्य काढण्याच्या काही पट श्रमातच मिळतो. टप्पे जास्त लागले तरी प्रत्येक टप्पा स्वस्त पडतो. या एका गुणामुळेच कोशींची ही साधी रीत आजच्या प्रचंड प्रारूपांच्या प्रशिक्षणाचा आधार बनली आहे.