हुकमाची वाट, मालाची वाट

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाची वाट फुटते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीने यज्ञांचा आणि दानांचा हिशेब ब्राह्मी लिपीत कोरवून ठेवला आहे. त्यातले आकडे आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी समजले जातात. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

वाचकहो, आज फराळाच्या ताटाबरोबर मी तुमच्यापुढे ठेवणार आहे तो इतिहास मात्र या घाटाचा नव्हे, त्याच्या एका फार धाकट्या भावंडाचा आहे. आपल्या संगणकावर लिहिलेला मजकूर आणि काढलेले फोटो दूरच्या एका संगणकावर नेऊन ठेवावयाचे, म्हणजे ते साऱ्या जगाला वेबसाइट म्हणून दिसतात. या नेण्याची जी जुनी पद्धत, तिचे नाव एफटीपी. साध्या मराठीत सांगायचे तर फायलींच्या ने-आणीचा करार.

हा करार प्रथम लिहिला तो एका भारतीयाने. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा सावरून बसतात. अभय भूषण मूळचे अलाहाबादचे. कानपूरच्या आयआयटीची पहिली तुकडी १९६५ साली बाहेर पडली, तीत ते होते. पुढे अमेरिकेत एमआयटी या संस्थेत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी या कराराचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तिकडचे अर्पानेट हे जाळे तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. जाळ्यातले संगणक वेगवेगळ्या घडणीचे. एकाची अक्षरे मांडण्याची रीत दुसऱ्याला उमगत नसे. अशा परक्या यंत्रांनी एकमेकांशी व्यवहार करावा कसा, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मोठे व्यवहारी निघाले. १९८५ साली या कराराला जे पक्के रूप आले त्यात दोन वाटा आहेत, एक हुकमाची आणि दुसरी मालाची. हुकमाच्या वाटेवर ‘मी अमुक’, ‘माझा परवलीचा शब्द तमुक’, ‘ही फाइल ठेवून घे’ एवढेच बोलणे चालते. फाइल जाते ती दुसऱ्या वाटेने. या वाटांच्या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. हुकमाचे पोर्ट २१, मालाचे मुळात २०. पलीकडचा संगणक प्रत्येक हुकमाला तीन आकडी उत्तर देतो. ३३१ म्हणजे नाव कळले, आता परवलीचा शब्द सांगा. २३० म्हणजे आत या. ५३० म्हणजे प्रवेश नाही. २२६ म्हणजे माल पोचला. आकड्यापुढे चार शब्दही असतात. पण शब्द माणसासाठी, आकडा यंत्रासाठी.

मालही दोन तऱ्हांनी नेता येतो. मजकूर म्हणून पाठवला तर ओळीच्या शेवटच्या खुणा पलीकडच्या रिवाजाप्रमाणे बदलून घेतल्या जातात. जसाच्या तसा पाठवला तर काहीच हलत नाही. फोटो जर मजकूर म्हणून धाडला तर तो बिघडून पोचण्याचा संभव. भाताचे पोते आणि अंड्यांची टोपली एकाच रीतीने हाताळून कसे चालेल?

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेही आधी मुंबईसारख्या बड्या शहरांत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट जात आहेत असे धरले, तर एक मेगाबाइटचा फोटो चढावयास सुमारे चौदा मिनिटे लागतात. घाट चढणाऱ्या बैलाचीच ती चाल!

या पद्धतीत एक उणीव जन्मापासूनची. परवलीचा शब्द पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. १९७१ साली जाळ्यावरचा गोतावळा लहान होता, कुणाला त्याचे भय वाटले नाही. पुढे गर्दी वाढली आणि एसएफटीपीसारख्या झाकलेल्या वाटा निघाल्या. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीला रजा दिली.

हे पुराण दिवाळीत कशाला, असे कुणी विचारील. आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, भातसाचेही जाते. आणि उन्हाळ्यात येथल्याच कित्येक पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत उभ्या असतात. वाहून नेण्याची सोय असली म्हणजे हक्क राहतोच असे नाही. मजकुराचेही तसेच आहे. आमच्या भागातल्या एका शाळेने हौसेने वेबसाइट केली होती. शाळेचा इतिहास, ठाकर-कातकरी आजीबाईंच्या तोंडची गाणी, जुने फोटो, सारे तिच्यावर चढवले. चढवणारे गृहस्थ गाव सोडून गेले, परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला, जागेचे वार्षिक भाडे थकले, आणि एके दिवशी सारे नाहीसे झाले. गाणी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या. जगातही हेच घडते. जिओसिटीज नावाच्या फुकट जागेवर लक्षावधी लोकांनी आपली पाने मांडली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये मालकांनी ती जागा बंद केली. काही पाने परक्या हौशी मंडळींनी वाचवली, बाकीची गेली.

म्हणून मुलांना मी एक गोष्ट आवर्जून दाखवतो. भूषण यांच्या १९७१ च्या मसुद्यातही ‘ठेवून घे’ या हुकमाच्या जोडीला ‘परत दे’ हा हुकूम आहे. आपण पहिला शिकतो आणि दुसरा विसरतो. या सुटीत घरातले वडीलधारे एकत्र बसले असतील, तेव्हा दूर कोठे तरी ठेवलेले आपले फोटो आणि लेखन एकदा परत मागून घ्या, एक प्रत घरात ठेवा, आणि परवलीचा शब्द घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असू द्या. आमच्या शाळेच्या पेटीत आता गाण्यांची एक वही आहे. राहिलेल्या आजीबाईंकडून मुलांनी ती पुन्हा उतरवून घेतली आहे.