रेंज रोव्हर
रेंज रोव्हर ही लँड रोव्हर या ब्रिटिश कंपनीची, खडतर रस्त्यांवर चालणारी आलिशान कौटुंबिक मोटारगाडी आहे. ती १९७० साली बाजारात आली. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार व लँड रोव्हर विकत घेतल्या. २०११ पासून पुण्यात फ्रीलँडरची जुळणी सुरू झाली. रेंज रोव्हर मात्र इंग्लंडमधील सॉलिहल येथेच तयार होत राहिली. पुण्यात तिची जुळणी करण्याची घोषणा मे २०२४ मध्ये झाली.

किंमत
पूर्ण तयार अवस्थेत आयात होणाऱ्या महागड्या गाडीवर तेव्हा १०० टक्के आयात शुल्क होते. सुट्या भागांवर ते पुष्कळच कमी. त्यामुळे स्थानिक जुळणीच्या लांब आवृत्तीची एक्स-शोरूम किंमत २.३६ कोटी रुपयांवर आली. म्हणजे पूर्वीच्या किमतीचा मोठा भाग गाडीचा नसून कराचा होता. नोंदणी व विमा यांचा खर्च वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कर (उपकरासह) ५० वरून ४० टक्के झाला.

वैशिष्ट्ये
२०२१ मध्ये सादर झालेली पाचवी पिढी ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. ‘टेरेन रिस्पॉन्स’ ही यंत्रणा चिखल, वाळू, खडक यांनुसार गाडीची चाल बदलते. परदेशात लांब आवृत्ती सात आसनांसहही मिळते. मागची चाके सात अंशांपर्यंत वळत असल्याने वळणे सोपे जाते. तरी आरसे मिटूनही रुंदी दोन मीटरहून अधिक भरते; शनिवार पेठेतील बोळांत ही अडचण नदीपात्र ओलांडण्याहून मोठी ठरावी.