मुरुमाची वाट : फ्रान्सच्या ग्रामीण मार्गांचा प्रशासकीय इतिहास

गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोपात सायकलस्वारीचा एक प्रकार विशेष रूढ झाला आहे. त्याला ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मुरूम-खडीच्या वाटेवरची सायकलस्वारी. सायकल शर्यतीच्या सायकलीसारखीच दिसते, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद असतात आणि स्वार डांबरी रस्ता शक्य तेवढा टाळतो. मागे एकदा मी अशा सायकलीवरून योन नदीच्या खोऱ्यातून ओसेरपासून क्लाम्सी, मोर्व्हांचे अरण्य आणि पुढे ल्वार नदीवरील नेव्हेरपर्यंत गेलो. त्या प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. मात्र महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला वाट दिसली की ती कोणत्या दप्तरात कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ज्या हमरस्त्यांसाठी अठराव्या शतकातील फ्रान्स प्रसिद्ध होता, त्या रस्त्यांवर आजचा ग्रॅव्हल-स्वार जात नाही. ते रस्ते राजाने वेठीने करून घेतले. अर्थमंत्री ओरी याने १७३८ साली काढलेल्या सूचनांनी ही रस्त्यांची वेठ राज्यभर एका पद्धतीत बसवली. गावकऱ्यांनी वर्षातील ठरावीक दिवस बैल-गाडीसह फुकट राबायचे आणि सरदार व पाद्री यांनी मोकळे राहायचे, असा तो प्रकार होता. संस्कृतातील ‘विष्टि’ आणि आपली ‘वेठ’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग १७८७ ते १७९० या काळात फ्रान्समध्ये फिरला, तेव्हा हे भव्य रस्ते पाहून तो थक्क झाला आणि त्यांवरील तुरळक रहदारी पाहून तितकाच चकित झाला.

लिमुझँ प्रांताचा प्रशासक असताना (१७६१ ते १७७४) त्युर्गोने वेठ बंद करून तिच्या जागी कर बसवला. त्याच्या हाताखालील अभियंता त्रेसागे याने याच काळात कमी जाडीचा, पण दगड नीट बसवून केलेला रस्ता आणि त्याच्या देखभालीसाठी पगारी कायम मजूर, अशी जोडी सिद्ध केली. मॅकॅडमचे नाव आपल्याकडे घरोघर झाले. त्रेसागे मात्र विस्मृतीत गेला. माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व दगडांच्या थरापेक्षा त्या पगारी मजुरात आहे. वेठीचा माणूस वर्षातून दोनदा येतो. खड्डा मात्र रोज वाढतो. पुढे मंत्री झाल्यावर त्युर्गोने १७७६ च्या फेब्रुवारीत वेठ देशभर रद्द केली, मे महिन्यात त्याला पायउतार व्हावे लागले आणि ऑगस्टमध्ये वेठ परत आली. क्रांतीच्या तोंडावर ती अखेर पैशात बदलण्यात आली.

गावापासून गावापर्यंतच्या वाटा मात्र या साऱ्या काळात चिखलातच होत्या. त्यांचा कायदा २१ मे १८३६ चा. या कायद्याने प्रत्येक गावावर आपले ग्रामरस्ते राखण्याची जबाबदारी टाकली. अठरा ते साठ वयाच्या प्रत्येक सुदृढ पुरुषासाठी आणि प्रत्येक गाडी व ओढीच्या जनावरासाठी वर्षाला जास्तीत जास्त तीन दिवसांचे श्रम ठरले. ते अंगमेहनतीने द्या किंवा ठरलेल्या दराने रोख द्या. म्हणजे वेठ पुन्हा आलीच, असे कोणी म्हणेल. फरक एवढाच, पण मोठा, की आता श्रम आपल्याच गावच्या वाटेवर पडत होते आणि जन्माने कोणी सुटत नव्हता. प्रीफेक्टला, म्हणजे साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्याला, देखरेखीसाठी पगारी ‘मार्ग-अधिकारी’ नेमण्याचा अधिकार मिळाला. आज डांबराखाली असलेले बहुतेक अरुंद ग्रामरस्ते या व्यवस्थेतून आले.

या वर्गीकरणातून जे उरले, ते शेतात जाण्याचे, पाणवठ्याचे, रानात गुरे नेण्याचे मार्ग होते. २० ऑगस्ट १८८१ च्या कायद्याने त्यांना स्वतंत्र नाव व व्याख्या दिली. आपल्याकडील पाणंद, विदर्भातील पांदण किंवा शिवरस्ता यांचे हे सख्खे भावंड. ग्रॅव्हल-स्वाराचे खरे राज्य येथे आहे. दुतर्फा कुंपणझाडी, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. पाऊस पडून गेलेला असेल तर उतरून चालावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

नदीकाठच्या वाटेची कुळकथा वेगळी आहे. ती पॅरिसच्या चुलीतून निघते. सोळाव्या शतकात राजधानीला सरपण पुरेनासे झाले, तेव्हा मोर्व्हांच्या अरण्यातील लाकूड ओढ्यांतून सोडून योन व सेन नद्यांवाटे पॅरिसला नेण्याची पद्धत निघाली. परंपरा तिचे श्रेय जाँ रुव्हे या व्यापाऱ्याला आणि १५४९ या वर्षाला देते. हिवाळ्यात तोडलेल्या ओंडक्यांच्या टोकांवर व्यापाऱ्याची खूण ठोकायची, वरच्या तळ्यांचे दार उघडून ओढ्याला लोंढा आणायचा, ओंडके त्यात लोटायचे, क्लाम्सीला अडवून खुणेप्रमाणे वेगळे करायचे आणि लांबच लांब तराफे बांधून पॅरिसकडे न्यायचे, असे हे काम चाले. या कामासाठी काठाने माणूस चालला पाहिजे. म्हणून १६७२ च्या राजाज्ञेने ओढ्याकाठच्या जमीनमालकांना ओंडके लोटणाऱ्या मजुरांसाठी चार फूट वाट सोडणे बंधनकारक केले. मोठ्या नद्यांसाठी कोल्बेरच्या १६६९ च्या राजाज्ञेने नौका ओढण्याच्या बाजूस चोवीस फूट आणि दुसऱ्या बाजूस दहा फूट मोकळे ठेवावयास लावले होते. हे आकडे ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर अशा रूपात आजच्या फ्रेंच कायद्यात जिवंत आहेत. राजा गेला, दोन साम्राज्ये आणि चार प्रजासत्ताके गेली. काठावरची ती पट्टी राहिली. ज्यांच्या पायांसाठी ती राखली होती, ते क्लाम्सीचे तराफेवाले मात्र रेल्वे आणि कोळशापुढे टिकले नाहीत. १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियनच्या सत्ताबळकावणीविरुद्ध क्लाम्सी उठले, तेव्हा त्यात हे लोक होते. त्यांतील कित्येकांची पुढे हद्दपारी झाली.

लाकडासाठीच खोदलेल्या निव्हेर्ने कालव्याला पाणी पुरवणारी एक लहान चारी योन नदीवरून डोंगराच्या कडेकडेने सुमारे २५ किलोमीटर जाते. तिच्या कडेची देखभालीची वाट जवळजवळ सपाट आहे, कारण पाण्यालाच उतार जेमतेम दिला आहे. मोंत्रेयों येथे ही चारी दगडी कमानींच्या पुलावरून दरी ओलांडते. आपल्या पाटबंधारे खात्यातील जुन्या मंडळींना कालव्याच्या निरीक्षण-पथावरून सायकल मारल्याचे आठवत असेल. आनंद अगदी तोच, सावली मात्र अधिक.

अरण्यातील वाटांची कथा इतकी सौम्य नाही. कोल्बेरला आरमारासाठी ओक हवे होते. त्याच्या १६६९ च्या राजाज्ञेने वने मोजली, आखली, राखली. त्या धोरणाचा वारसा मध्य फ्रान्सातील त्रोंसेच्या ओकवनात आजही दिसतो. १८२४ मध्ये नान्सीला वनविद्यालय निघाले आणि १८२७ ची वनसंहिता आली. तिने गावकऱ्यांचे चराईचे व लाकूडफाट्याचे हक्क आवळले. परिणामी पिरेनीज पर्वतातील आरिएज भागात १८२९ पासून पुरुषांनी स्त्रीवेष करून, तोंडे रंगवून वनरक्षकांना पळवून लावले. याच नान्सीत १८६७ पासून सुमारे दोन दशके हिंदुस्थानच्या वनसेवेसाठी निवडलेले उमेदवार शिकले. १८७८ च्या आपल्या वनकायद्याचा, राखीव व संरक्षित वनांचा आणि त्यानंतरच्या जंगल सत्याग्रहांचा विचार करताना हा दुवा विसरून चालत नाही. फ्रान्सच्या सरकारी वनातील सरळसोट, खडी घातलेल्या रस्त्यावरून आज सायकल सुखाने जाते. पण तो रस्ता गावासाठी नव्हे, लाकूड बाहेर काढण्यासाठी आणि पहाऱ्यासाठी आखलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाणंद कोणाची? १९५९ च्या जानेवारीतील अध्यादेशाने फ्रान्सने ग्रामीण मार्गांचे दोन भाग केले. नोंदलेले रस्ते गावाची सार्वजनिक, अविक्रेय मालमत्ता झाले. उरलेल्या पाणंदी गावाच्या ‘खाजगी’ मालमत्तेत गेल्या. ही एक ओळ फार महागात पडली. खाजगी मालमत्ता विकता येते आणि तीस वर्षे कोणी नांगरली तर गमावताही येते. त्यानंतरच्या दशकांत ट्रॅक्टर व जमीन-एकत्रीकरण यांनी असंख्य वाटा पोटात घातल्या. १९८३ च्या कायद्याने जिल्ह्यांना चालण्याच्या वाटांचे आराखडे करावयास सांगितले. आराखड्यातील पाणंद पर्यायी वाट दिल्याशिवाय विकता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीतील कायद्याने आणखी एक उपाय दिला : गावाने आपल्या पाणंदींची गणना करण्याचा ठराव केला की कबजेदाराची तीस वर्षांची मुदत थांबते, गणना दोन वर्षांत पुरी व्हावी लागते.

आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. मध्य प्रदेशात असे हक्क निस्तार-पत्रकात व वाजिब-उल-अर्जमध्ये शोधावे लागतात. आपल्याकडे बहुधा एक शेतकरी तक्रार करतो, तेव्हा वाट जागी होते. फ्रेंच व्यवस्थेत जागे होण्याची पाळी साऱ्या गावाची असते, आणि ते नेहमी होतेच असे नाही.

मोर्व्हांच्या पायथ्याशी एका गावात नगरभवनाच्या दारावर पाणंद-विक्रीची नोटीस लावलेली होती. चौकशीची मुदत किमान पंधरा दिवस ठेवावी लागते आणि हरकती लिहिण्यासाठी नोंदवही उघडी असते. वाट वापरणाऱ्यांनी संघ करून दोन महिन्यांच्या आत तिच्या देखभालीचा भार उचलण्याची मागणी केली, तर गावाला ती विकता येत नाही. वहीत तोवर दोन नोंदी झाल्या होत्या : एक शेजारच्या जमीनमालकाची, विक्रीच्या बाजूने, दुसरी एका बाईंची, त्या वाटेने मेंढ्या तळ्यावर जातात एवढीच.